पट्टे तरी दिसतील

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, नागपुरात माझ्या आईवडिलांच्या गच्चीवर, कुंडीतल्या पट्टेदार गुलाबाचं पहिलं फूल उमललं. पाकळ्या फिकट पिवळ्या, त्यांवर गर्द गुलाबी पट्टे. ऊन गच्चीवर यायच्या आत आईने ते देठासकट कापलं आणि देवघरात वाहिलं. बाबा पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून पाहत होते. फूल कोणी हुंगलं नाही.

यंदाचा दसरा झाला. आपट्याची पानं ताटात वाळली आणि काल बाबांचा फोन आला की कातरीला धार लावून आणली आहे. म्हणजे गुलाबाची छाटणी. नागपुरात थंडी येते, त्याआधी कातरी येते. दुपारचं ऊन अजून पाठ भाजत असतं, पहाटे मात्र पंखा एक आकडा खाली आणावा लागतो. त्या आठवड्यात गच्च्यागच्च्यांवर माणसं कुंड्यांपुढे वाकलेली दिसतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला फुटीचा डोळा शोधायचा, त्याच्या थोडं वर तिरपा काप घ्यायचा, कापावर हळद किंवा औषधाचा लेप लावायचा. हिरवी फांदी कापताना काकडी चिरल्यासारखा आवाज होतो, जून फांदीचा आवाज कोरडा. बाबा आवाजावरून फांदीचं वय सांगतात.

माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वर्तमानपत्राच्या कचेरीत रविवार सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे गुरुवारी मी आईबाबांकडे असते. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक गुरुवारचं, पाहिलेलं. उरलेलं ऐकलेलं आहे, बहुतेक आईकडून किंवा बाबांकडून.

त्यांच्या गच्चीवर भांड्यांची जात एक नाही. मातीच्या कुंड्या आहेत, घर रंगवल्यावर उरलेल्या बादल्या आहेत, आणि एका गंजलेल्या कूलरची टाकी आहे. तिच्यात पुदिना आहे. प्रत्येकाच्या बुडाला भोक, भोकावर कौलाचा तुकडा. मातीचं मिश्रण बाबांचं. काळी माती थोडीच, कारण ती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हात तडकते. मग लाल माती, वाळू, कुजलेलं शेणखत आणि कडुलिंबाची ढेप, म्हणजे पेंड. ढेपेचा वास उग्र आणि कडवट. छाटणीच्या दिवसांत तो जिन्याने खाली उतरतो, बैठकीत बसतो, जेवताना ताटापर्यंत येतो. पहिलं फूल आलं त्या वर्षी आईने नाकाला पदर लावला होता, मी ओढणी. बाबा ढेप हाताने कुस्करत होते. त्यांना वास येत नव्हता.

बाबा मूळचे काटोलचे. घरी संत्र्याची थोडी झाडं होती. नोकरी एसटीत, कंडक्टरची, आणि तिच्यातली बरीच वर्षं काटोल-नागपूर गाडीवर. त्या गाडीत संत्री टपावर असत, सीटखाली असत, मांडीवर असत. तिकीट फाडता फाडता बाबा शेतकऱ्याला सांगत, हा माल आजच विका, उद्या उतरून जाईल. पोतं उघडायची त्यांना गरज नसे. हिवाळ्याच्या तोंडी येणारं आंबिया बहाराचं फळ कोणतं आणि थंडी सरताना येणारं मृग बहाराचं कोणतं, हे ते साल न सोलता ओळखत, असं त्यांच्यासोबत काम केलेल्या एका ड्रायव्हरकाकांनी मला सांगितलेलं आहे. नेहमीचे प्रवासी त्यांची परीक्षा घेत. मांडीवरची पिशवी दाखवून विचारत, कंडक्टरसाहेब, डब्यात काय आहे? एका बाईंना बाबांनी दिलेलं उत्तर त्या मार्गावर बरेच दिवस फिरत होतं. "पाटोडी हाये बाई. अन् रस्सा सांडून राहिला, पिशवी पाहा."

कोरोनाच्या साथीत त्यांना ताप आला. ताप गेला, वास परतला नाही. सुरुवातीला घरात त्याची थट्टा झाली, आणि सगळ्यात जास्त बाबांनीच केली. सीताबर्डीला कधी तर्रीपोहे खाल्ले की म्हणत, तिखट कळते, बाकी कागद खाऊन राहिलो. मग एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं. आई अंगणातून धावत आली, तेव्हा बाबा ओट्याला टेकून पेपर वाचत होते. त्यानंतर थट्टा थांबली. बाहेर जाताना आई गॅसचा कॉक बंद करून जाऊ लागली आणि बाबांचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवू लागली. थर्मास कशासाठी, हे बाबांनी विचारलं नाही. त्यातला चहाही प्यायले नाहीत. आई परत येईपर्यंत थांबत.

डॉक्टरांनी जो इलाज सांगितला तो औषधांच्या दुकानातला नव्हता. लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब. रोज दोन वेळा एकेक नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि त्याचा वास पूर्वी कसा येत असे ते आठवायचं. महिने लागतील, कदाचित येणारही नाही, हेही त्यांनी सांगितलं. बाबांनी लवंग, लिंबू आणि निलगिरी इमानाने हुंगली आणि एक दिवस लवंगेची डबी आणि निलगिरीची बाटली मसाल्याच्या फळीवर मागे सारल्या. गुलाब राहिला होता. आई अत्तर आणणार होती. बाबा म्हणाले, "बाटलीतलं कायले? कुंडीत लावतो."

कुंडी रिकामी होती, त्याला कारण कूलर. इथे उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं पाणी दर काही दिवसांनी काढावं लागतं, आणि ते वाया कशाला घालवायचं म्हणून अनेक घरांत कुंड्यांना घातलं जातं. टाकीत पाणी उडून जातं, खार मागे राहतो. आईने एक अख्खा उन्हाळा बाबांच्या लाल गुलाबाला हे पाणी घातलं. पानांच्या कडा करपल्या, मग पानं गेली, मग गुलाब गेला. आईच्या मते तो उन्हाने मेला. बाबांच्या मते खारवून मेला. या विषयावर दोघांत आजही एकमत नाही.

नर्सरीत मी बाबांसोबत होते. कलमं पुण्याकडून नुकतीच आली होती, ओळीने मांडलेली, पाणी मारल्यामुळे चमकत होती. नर्सरीवाला देशी लाल गुलाबाकडे हात करून म्हणाला, "काका, हे न्या. खुशबूची गॅरंटी." बाबा ओळीच्या टोकाशी असलेल्या एका रोपापाशी थांबले. त्याला एकच फूल होतं, पूर्ण उमलून सैल पडलेलं. कोणी तरी घाईत ब्रश ओढावा तसे पट्टे. कोणत्याही दोन पाकळ्यांवरचे पट्टे सारखे नव्हते. याले वास आहे का, बाबांनी विचारलं. नर्सरीवाला म्हणाला, आहे ना, हुंगून पाहा. बाबांनी हुंगलं नाही. रोप उचललं.

ऑटोत बाबांनी रोप दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलं होतं. खड्डा आला आणि फूल गळून पडलं. हेच का घेतलं, असं मी विचारलं.

"वास आला तं आला," बाबा म्हणाले. "नाही आला तं पट्टे तरी दिसतील."

घरी आल्यावर कलमाचा जोड पाहून त्यांना बरं वाटलं. काटोलकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या, खुंटावर बांधतात. गुलाबाचा डोळाही असाच रानगुलाबाच्या खुंटावर बांधलेला असतो. खुंटातून फुटवा आला तर तो मोडावा लागतो, नाही तर तो सगळं खाऊन टाकतो आणि वरचं कलम वाळतं. बाबा अशा प्रत्येक फुटव्याला जंबेरीच म्हणतात. शेजारच्या पांडे काकूंच्या कुंडीत त्या काळी नुसती जंबेरी वाढत होती, कठड्याच्या वर पोचली होती. काकू तिला खत घालत आणि फूल कधी येईल ते बाबांना विचारत. बाबांनी एकदाचं खरं सांगितलं. काकू त्या झाडाकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, अब इतना बड़ा हो गया है, काटूँ कैसे?" ती कुंडी अजून आहे. फूल आलेलं नाही.

देवाला वाहायचं फूल हुंगू नये, हा नियम आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. हुंगलेलं फूल उष्टं. मोगरा असला तरी परडी नाकापासून लांब धरायची. फूल नसेल तर अक्षता चालतात, हुंगलेलं फूल चालत नाही. झाडाचं पहिलं फूल देवाचं, हाही जुना नियम. पण दुसरं, तिसरं आणि त्यानंतरचं प्रत्येक फूल देवाचं, असा नियम कधी नव्हता. त्या थंडीत तो झाला.

मार्गशीर्षाचे गुरुवार होते, त्यामुळे सुरुवातीला कोणाला वेगळं वाटलं नाही. महालक्ष्मीचा घट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, पाच फळांत एक संत्रं, आणि घटापुढे तो पट्टेदार गुलाब. मार्गशीर्ष संपला, तरी आई पहाटे कातर घेऊन वर जात राहिली. प्रत्येक फूल वेगळं निघत होतं. एकावर पट्टे रुंद, एकावर शिंतोडे, एक अर्धं पिवळं आणि अर्धं गुलाबी, मधोमध रेघ मारल्यासारखं. एका फांदीने पट्टे सोडलेच आणि सलग गुलाबी फुलं द्यायला सुरुवात केली. बाबांनी ती फांदी बुडापासून काढली. बाबा फुलं चष्मा लावून पाहत, लांबून. एका गुरुवारी नाश्त्याच्या वेळी त्यांनी विचारलं, "तुह्या देवाचा नंबर सरत नाही का वं?"

"नाही सरत," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी पोहे वाढले.

वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं, तेव्हा ते हुंगायला हरकत नसते. पण तोवर त्यावर धूप आणि कापूर बसलेला असे, आणि बाबा उठायच्या आत आई ते तुळशीच्या बुंध्याशी टाकून येत असे. कळी देवाला वाहत नाहीत, म्हणजे कळीवर देवाचा हक्क नव्हता. दिवसभर गच्चीवर कळ्या होत्या, अर्धवट उमललेल्या, आणि दिवसभर गच्चीवर बाबा होते. खुर्ची उन्हात ओढून ते कुंडीशेजारी बसत. माती उकरत, जंबेरी मोडत. कळीला त्यांनी नाक लावलेलं कोणी पाहिलं नाही. नर्सरीवाल्याने फसवलं, असं मात्र ते अधूनमधून म्हणत. पट्ट्याच्या गुलाबाले वास नसते, दोन्ही गोष्टी कुठे मिळतात, असंही म्हणत.

पौषातल्या एका गुरुवारी मी देवघरापुढे नमस्काराला वाकले. धूप विझून वेळ झाला होता. गुलाब ताम्हनाजवळ होता, आणि त्याचा वास स्पष्ट येत होता. आधी ताज्या संत्र्याच्या सालीचा, नखाने साल दाबल्यावर तुषार उडतात तसा. मग त्यामागून गोडसर, गुलाबाचा. मी वर पाहिलं. आई पोळ्या लाटायचं थांबून माझ्याकडे पाहत होती.

"आला न?" तिने हळू विचारलं. "संत्र्याच्या सालीसारखा. पहिल्या दिवसापासून आहे. जिन्यात येते, कपाटात येते. त्यायले सांगू नको."

का, हे मी विचारलं. बाबा तेव्हा वर गच्चीत होते. खुर्ची ओढल्याचा आवाज येत होता.

"त्यायले वाटून राहिलं, नर्सरीवाल्यानं फसवलं. वाटू दे," आई म्हणाली. "फूल खोटं निघालं तं माणूस दुसरं रोप आणते. नाक खोटं निघालं तं कुठून आणू?"

मग तिने पोळी तव्यावर टाकली.

संक्रांत आली. आकाशात पतंग, गच्चीच्या कठड्यावर मांजाचे तुकडे. बाबांनी त्यांपैकी एका तुकड्याने गुलाबाची वाकलेली फांदी काठीला बांधली, इतक्या सैल गाठीने की फांदी वाऱ्यात हलावी. दुपारी गच्चीवर सगळे जेवायला बसत. बाबा संत्रं सोलत, साल एका लांब पट्टीत, न तुटता. फोडी सगळ्यांना वाटत आणि स्वतः शेवटी खात. फळ कोणत्या बागेचं, हे पूर्वी ते खाण्याआधी सांगत. त्या हिवाळ्यात त्यांनी ते सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या गुरुवारी होतं. बायका जिन्याने वर येत होत्या, तिळगूळ घेत होत्या, आईच्या देवघरापुढे वाकत होत्या. बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसून चपलांच्या ढिगाकडे पाहत होते. पांडे काकू आल्या, आणि खुर्चीपाशी थांबून मोठ्याने म्हणाल्या, "भाऊजी, क्या खुशबू है तुमच्या गुलाबाची. खालच्या पायरीपासून येऊन राहिली."

आईच्या हातात वाणाची वाटी होती. ती तशीच राहिली.

"हो न," बाबा म्हणाले. "महिन्यापासून येऊन राहिली."

काकू पुढे गेल्या. बायका गेल्यावर, आवराआवर चालू असताना, बाबांनी आईला एकच गोष्ट विचारली. कधीपासून? आई म्हणाली, पहिल्या फुलापासून. बाबांनी मान हलवली आणि ते उरलेला तिळगूळ डब्यात भरायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवंगेची डबी फळीवरून ओट्यावर आली होती, असं आई सांगते. लिंबूही होतं. निलगिरीची बाटली उघडत नव्हती, ती बाबांनी गरम पाण्यात धरून उघडली.

त्या आठवड्यात आईने कातर बाबांच्या हातात दिली. देवाचा नंबर झाला, आता फूल तुमचं, असं तिने सांगितलं. बाबांनी कातर परत तिच्या हातात ठेवली. "राहू दे," ते म्हणाले. "देवालेच वाहा."

महाशिवरात्रीच्या आधीचा गुरुवार. थंडी जात आली होती, शाल सकाळच्या चहापुरती उरली होती. थंडी सरताना गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा चढतो, हिरवा, बारीक, चिकट. तो साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून पुसून काढावा लागतो, आणि तो दिसायला फुलाच्या अगदी जवळ जावं लागतं. बाबा तेच करत होते. चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा एकुलत्या एका उमललेल्या फुलापासून वीतभर. आई तुळशीपाशी परडी घेऊन उभी होती, ते फूल कापायला. परडीत तोवर फक्त एक जास्वंद होती, गुलाब सोडला तर त्या दिवशीचं गच्चीवरचं एकमेव फूल. मी जिन्याच्या दारात होते.

बाबांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून गच्चीभर पाहिलं. शेजारची गच्ची रिकामी होती.

"काहून वं," ते म्हणाले, "संत्रं कोणी सोललं?"

संत्रं कोणी सोललं नव्हतं. पुढच्या गोष्टी त्याच सकाळी तपासून घेतल्या. घरात संत्री नव्हती. आंबियाची संपली होती, मृगाची आईने अजून आणली नव्हती. बाबांच्या बोटांना साबणाचा वास होता. गुलाबाचा वास कशासारखा आहे, हे आईने बाबांना सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलेलं नव्हतं. पांडे काकू नुसतं खुशबू म्हणाल्या होत्या.

बाबांनी आधी स्वतःचा तळहात हुंगला. मग ते पुन्हा फुलावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

आईचा विश्वास बसला नाही. तिने फूल कापलं आणि बाबांना डोळे मिटायला लावले. आधी परडीतली जास्वंद त्यांच्या नाकाशी धरली. बाबा म्हणाले, काही नाही. मग गुलाब धरला. बाबा म्हणाले, "हे. साल. आंबियाची." आईने पुन्हा जास्वंद धरली, मग पुन्हा गुलाब, मग नुसतीच मूठ. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं.

"एसटीत एवढी तपासणी नव्हती," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "उघडू का आता?"

आईने उघडा म्हटलं नाही. तिने स्वतःचं नाक फुलाला लावलं, पहिल्यांदाच, आणि ते माझ्याकडे दिलं. मीही हुंगलं. मग फूल बाबांच्या हातात गेलं. डोळे त्यांनी आपणच उघडले.

लवंगेचा वास त्या दिवशी आला नाही. लिंबाचा थोडा आला, किंवा बाबांना तसा वाटला. याबाबत खात्री नाही. खाली गेल्यावर चहा बाबांनी केला. आई स्वयंपाकघरात गेली नाही, बैठकीत बसून राहिली. दूध वर यायच्या आत गॅस बारीक केल्याचा आवाज तिथपर्यंत आला.

गुलाब हुंगलेला होता. जास्वंदही हुंगलेली होती. गच्चीवर त्या दिवशी तिसरं फूल नव्हतं. आईने देवाला अक्षता वाहिल्या.